सभागृहात मी मेलेली

"आज घराबाहेर निघू नको. तू मेलेली हाईस."

सरपंच माझ्या दारात उभा राहून हे बोलला. मी भाकरी थापून राहिले होते. जित्या बाईला, तिच्याच दारात. वर हसला बी.

आमच्या तांड्याला रस्ता न्हाई. मधात नाला हाय. गेल्या पावसाळ्यात मला कळा सुटल्या, तवा दवाखान्याची गाडी नाल्यापल्याडच थांबली. चौघांनी मला बाजेवर उचललं. नाल्याच्या काठावर, भर चिखलात मी बाळंत झाले. पोरगी झाली. दोनदा रडली अन् गप झाली. मी वाचले.

आमचा तांडा सरपंचाच्याच ग्रामपंचायतीत येतो. त्यानं आमदाराला पत्र लिवलं, अन् आमदार मुंबईला विधानसभेत बोलला. माझ्या थोरल्या जावेच्या मोबाइलवर ते भाषण आलं. हात वर करून बोलून राहिला होता, "अध्यक्ष महोदय, रस्त्याअभावी त्या माउलीनं वाटेतच प्राण सोडले." बाकीचे शेम शेम वरडले. माझी पोरगी त्या भाषणात कुठंच नव्हती.

मी सरपंचाला इचारलं, "मेली माझी लेक. मला काहून मारलं?"

"अगं, घडीभराच्या लेकराचं कोण ऐकतं? त्यातून पोरगी, तांड्याची. बाई मेली म्हणलं तवा कुठं सभागृह हाललं."

मी त्याच्याच रानात हळद काढायला जाते. म्हणून गप बसले. त्या गप बसण्याची आज लाज वाटते.

मंत्र्यानं चौकशी लावली. सरपंच दारात आला त्याच दिशी चौकशीचा इंजिनिअर येणार होता. तांड्याचा म्हातारा नायक येऊन हात जोडून बोलला, "पोरी, एक दिस कळ काढ. रस्ता व्हईल." त्याचं काय चुकलं? उद्या दुसरी कोणी त्याच नाल्यात बाळंत व्हईल. मी आतून कडी लावून बसले.

फटीतून दिसत होतं. अंगणात त्या इंजिनिअर साहेबानं कागद भरला. सरपंचानं माझ्या नवऱ्याला फुडं ढकललं. "बायको वारली म्हणून लिवलंय. कर सही." माझा नवरा मान खाली घालून उभा. पेन हातात. मग त्यानं पेन कागदाला टेकवलं.

टाळकं फिरलं माझं. कडी काढली अन् तशीच अनवाणी गेले.

"साहेब, ती बायको मीच हाय. मी मेले न्हाई."

सरपंच चटकन बोलला, "ही त्याची भावजय हाय साहेब. येडसर हाय जरा."

मी नवऱ्याकडं बघितलं. "सांग, मी कोण?" त्यानं सरपंचाकडं बघितलं. मग जाऊ पदर खोचून फुडं आली. "भावजय मी हाय, साहेब. ही माझी जाऊ. चांगली धडधाकट हाय."

साहेबानं पेन परत घेऊन टोपण लावलं. "मग सभागृहातला मूळ प्रश्नच खोटा ठरतो. अहवालात तसंच जाईल."

"घे! बुडवला तांड्याचा रस्ता," सरपंच वरडला.

"नाला खोटा हाय का? माझी लेक खोटी हाय का?" मी कागद हातात धरला, सोडलाच न्हाई. "लिवा. रस्ता न्हाई म्हणून पोरगी मेली, असं लिवा."

त्यानं कागद ओढून बघितला. शेवटी त्यानं लिवलं. मी एकेक अक्षर लावून वाचलं, मग खाली माझी सही केली. नवरा तिथंच उभा होता. त्याच्याशी मी बोलले न्हाई.

आता नायक मला बघून तोंड फिरवतो. सरपंचानं हळदीचं काम तोडलं. साहेबाचा तो कागद फुडं गेला का कचऱ्यात, मला ठाव न्हाई. तोडू द्या काम. मी मुकी म्हणून यांचं सारं फावलं होतं.

फुडच्या हप्त्यात आमदार त्या भाषणाबद्दल गावात सत्कार घ्यायला येऊन राहिला. मला कोणी बोलावलं न्हाई. मी जाणार. जाऊ संगं येणार. त्याचं भाषण मधातच तोडणार, अन् भर सभेत सांगणार, तू बोललास ते खोटं हाय. माझी लेक मेली हे त्याच सभागृहात, त्याच तोंडानं बोल. न्हाई बोलला तर हिंगोलीला कलेक्टर कचेरीफुडं बसणार, अन् तिथंबी न्हाई ऐकलं तर मुंबई गाठणार. रस्ता तर मी घेणारच. माझ्या पोरीला वगळून न्हाई.