चेहऱ्यावर भरलेला रंग

कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या निपाणीत दुकानाची पाटी रंगवायची म्हटली तरी आधी फूटपट्टी लागते. कानडी वर, मराठी खाली, कानडी अक्षर मोठं. जरा इकडंतिकडं झालं की कुणीतरी हरकत घेणारच. लहानपणापासून हेच बघत आल्यामुळं कुठलाही छापील कागद हातात आला की आमची नजर आधी अक्षरांच्या उंचीवर जाते, मग मजकुरावर. या खोडीपायी मी माझ्या मुलीला काय केलं ते लिहून ठेवायचं आहे. सांगताना अजून लाज वाटते, पण वाटायलाच हवी.

मुलगी सात वर्षांची असताना तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर पहिला पांढरा डाग उठला. वर्षाच्या आत डोळ्याभोवती, हनुवटीवर, मग बोटांवर. कोड. हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं, सगळे 'ते' म्हणायचे. दर महिन्याला हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून आम्ही कोल्हापूरच्या डॉक्टरांकडं जायचो. ते बिचारे दर वेळी तेच समजावून सांगायचे, की यानं जिवाला काही होत नाही, दुसऱ्याला लागतही नाही, मलम लावा आणि पोरीला खेळू द्या. मलम मी नेमानं लावलं. खेळू देणं तेवढं जमलं नाही. तिच्या वर्गातल्या मुली तिचा हात धरायला तयार नव्हत्या, आणि त्याच गावातल्या दुसऱ्या शाळेत पंधरा वर्षं शिकवणारी मी, त्यांच्या आयांना चार शब्द सुनवायचं सोडून तिलाच घरात ठेवत होते.

पुस्तकाची कल्पना आक्कांची. आक्का म्हणजे आमच्या शाळेत कानडी शिकवणाऱ्या बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. एकदा मधल्या सुट्टीत मी त्यांच्यापुढं रडले. त्यांनी डबा खाता खाता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रडून काय हुतंय गं? त्या पोरींस्नी सांगायचं कुणी? तू मराठीत लिही, मी कानडीत करते. दोन्हीकडच्या पोरांस्नी कळू दे की."

मग लिहिलं. गोष्ट अगदी छोटी. एक मुलगी जत्रेला जाते. पाळण्यापाशी, भेळेच्या गाड्यापाशी, बांगड्यांच्या दुकानात जो तो विचारतो, "तुझ्या तोंडाला काय झालंय?" आणि ती सगळ्यांना एकच सांगते, "काही झालेलं नाही. मी अशीच आहे." आक्कांनी त्याचं 'नानु इरोदे हीगे' असं केलं. मुलीला कानडीतलंच जास्त आवडलं. दोन दिवस ती घरभर तेच म्हणत फिरत होती.

चित्रं काढायला बेळगावचे एक सर तयार झाले, तिथल्या कॅम्प भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणारे. मी मुलीला घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी तिला खिडकीपाशी बसवलं आणि दुपारभर तिच्या तोंडाकडं बघत चित्रं काढली. डॉक्टर सोडले तर इतका वेळ तिच्याकडं कुणी सरळ बघितलेलं मला आठवत नव्हतं. रंग देताना सरांनी डाग रंगवले नाहीत. तेवढ्या जागी कागद तसाच कोरा सोडला. "इथं कुठला रंग लावणार?" मुलीनं विचारलं. "इथं न्हाय लावायचा," ते म्हणाले. "कागदाचा रंगच बरोबर हाय."

परतीच्या बसमध्ये ती मला म्हणाली, "आई, पुस्तकात मी हाय तशी येणार." आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगूनही आली. मुली म्हणाल्या, दाखव मग. तेव्हापासून रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी एकच प्रश्न, पुस्तक आलं काय? कुरकूर न करता शाळेला जायला लागली होती ती. माझा जीव भांड्यात पडला होता.

आता आमचा शहाणपणा. पुस्तक दोन भाषांचं, मग वर कुठली? कानडी वर घेतलं तर शाळेतले मराठी पालक नाराज, मराठी वर घेतलं तर आक्कांच्या घरचे. शेवटी ठरलं, एका पानावर कानडी वर, पुढच्या पानावर मराठी वर, आणि अक्षरं सारख्या उंचीची. प्रूफ आलं त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी फूटपट्टी घेऊन बसलो. मराठीची रेघ धरून मोजायचं की मात्रा धरून, यावर वाद. कानडी अक्षराखाली लोंबणारं जोडाक्षर धरायचं की नाही, यावर दुसरा वाद. दोन-तीन तास आम्ही एकेक ओळ मोजली. कुणाला बोट ठेवायला जागा राहिली नाही तेव्हा पहिल्या पानाच्या तळाशी दोघींनी सह्या केल्या आणि प्रूफ बेळगावला छापखान्यात परत धाडलं.

महिन्याभरात गठ्ठा आला. मुलगी नुकतीच शाळेतून आली होती. सुतळी तिनंच सोडली, वरचं पुस्तक घेतलं आणि जमिनीवर मांडी घालून बसली. मी चहा टाकायला आत गेले. बाहेरून काहीच आवाज येईना, म्हणून परत आले.

"आई, ही कोण गं?"

जत्रेतली मुलगी नितळ चेहऱ्यानं हसत होती. ओठाचा कोपरा, डोळ्याभोवतालचा भाग, हनुवटी, बोटं, सगळीकडं एकसारखा गव्हाळ रंग. मी पानं उलटली. पाळण्यापाशी तसंच, भेळेच्या गाड्यापाशी तसंच. चित्रातली माणसं तिला विचारत होती, तुझ्या तोंडाला काय झालंय, आणि तिच्या तोंडाला खरंच काही झालेलं नव्हतं.

"फोटोवाल्याला सांगितलंतंस तसं ह्यास्नीबी सांगितलंस व्हय?" मुलगी म्हणाली.

तिचा आवाज चिडका नव्हता. चिडली असती तर बरं झालं असतं.

आदल्या वर्षी शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो काढला, तेव्हा मी स्टुडिओवाल्याला हळूच म्हटलं होतं, तेवढं तोंडावरचं जरा भरून घ्या. ती आरशापुढं वेणी नीट करत होती. तिनं ऐकलं नाही असं मी धरून चालले होते. तिनं ऐकलं होतं. ऐकून ते ओळखपत्र वर्षभर रोज गळ्यात घातलं होतं, आणि एका शब्दानं बोलली नव्हती.

मी छापखान्यात फोन लावला. संगणकावर बसणारा माणूस खुशीतच बोलला, "व्हय मॅडम. लई ठिकाणी रंगच उठला न्हवता बघा, कागद दिसत होता. मुद्दाम बसून भरून घेतलं मी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण प्रूफ पाठवलंतं की. तुमची सही हाय."

गठ्ठ्यातच तळाशी त्यानं प्रूफही घातलं होतं. पहिल्या पानावर तो स्वच्छ गव्हाळ चेहरा, आणि त्याच्याखाली आमच्या दोघींच्या सह्या. आक्कांनी तिचं मूळ चित्र बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं. ते काढताना शेजारी बसले होते.

बरेच दिवस मी स्वतःला सांगत राहिले, की अक्षरं मोजण्याच्या नादात चेहऱ्याकडं बघायचंच राहिलं. आमच्याकडच्या कुणालाही ते पटलं असतं. मला आता पटत नाही. इतका वेळ तो कागद माझ्या नाकासमोर होता. मी बघितलंच असणार, आणि ते तोंड मला खटकलं नसणार. जसं असावं असं मला आतून वाटत होतं तसंच ते होतं.

सगळा गठ्ठा परत गेला. सरांनी मूळ चित्रं पुन्हा दिली, छापखान्यानं मुकाट्यानं काम नव्यानं हाती घेतलं. मुलीला मी समोर बसवून सांगितलं, की चूक छापखान्याची नाही, माझी आहे, आणि पुस्तक परत छापतोय. "बरं," ती म्हणाली आणि अभ्यासाला बसली. कानडीतलं ते वाक्य त्यानंतर तिच्या तोंडून ऐकू आलं नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी मी तिला घेऊन त्याच स्टुडिओत गेले. नवा फोटो काढू म्हटलं, ओळखपत्र बदलून घेऊ. ती आली, स्टुलावर ताठ बसली, सांगितलं तसं बघितलं. फोटोवाल्यानं तो पडद्यावर घेतला आणि आम्ही दोघी त्याच्या मागं उभ्या राहिलो. चांगला माणूस तो. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "मॅडम, मागच्यासारखं भरू न्हवं?"

मी 'नको' म्हटलं. म्हणायचंच होतं, त्यासाठीच तर आले होते. पण म्हणायच्या आधी मी मागं वळून गिऱ्हाइकांच्या बाकावर ओळखीचं कुणी बसलंय काय ते बघितलं. क्षणभरच.

पुन्हा वळले तेव्हा मुलगी पडद्याकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.