चावरा बाळकृष्ण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, क्लबातल्या मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या आईला तर नाहीच. आईचा बाळकृष्ण मी काडतुसांच्या पुंगळ्यांबरोबर टंबलरमध्ये घातला होता.

टंबलर म्हणजे मोटरवर फिरणारं एक पिंप. मी रायफल क्लबात जातो, कागदी टार्गेटवर नेम धरतो, बाकी कुणाच्या जिवावर उठत नाही. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी आम्ही टाकून देत नाही, साफ करून परत भरतो. ती साफ करायला पिंपात पुंगळ्यांबरोबर काहीतरी घालावं लागतं, त्याला सगळे मीडिया म्हणतात. कुणी अक्रोडाच्या टरफलांचा चुरा घालतं, कुणी मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा भुगा, कुणी पाण्यात स्टीलच्या बारीक पिना. यावर क्लबात जेवढी भांडणं होतात तेवढी नेमबाजीवर होत नाहीत. एक डेंटिस्ट बाई पिनांच्या बाजूच्या, एक पेन्शनर अक्रोडवाले, आणि एकजण वर्षानुवर्षं साधे तांदूळ वापरतो. त्याला बाकीचे म्हणतात, “आज करी कुठली?” आणि क्लबात एकटाच भारतीय मी, म्हणून माझ्याकडे बघून जरा ओशाळतात.

वाद मिटवायला शेवटी माझ्याकडे यायचे, कारण माझी नोकरीच ती. ब्रिस्टलजवळच्या एका कारखान्यात विमानाच्या इंजिनाचे सुटे भाग फिनिश करतो. कापलेल्या धातूला जी बारीक, बोचरी धार राहते तिला बर म्हणतात. भाग मीडियात घोळवून घोळवून ती बर घालवायची, कडा मऊ करायच्या, हेच मी इतकी वर्षं करत आलो. कुठला मीडिया काय ठेवतो आणि काय खातो, हे मला झोपेतही सांगता येतं. म्हणून ‘माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय मला नाही.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे आली. येताना देव घेऊन आली. त्यातला बाळकृष्ण तिच्या माहेरचा, लग्नात दिलेला, पितळी, रांगता, हातात लोण्याचा गोळा. ओतकाम साधंच होतं. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उजव्या हाताच्या खाली एक धार राहून गेली होती. अंघोळ घालताना ती आईच्या अंगठ्याला लागायची. “चावरा आहे मेला,” असं म्हणायची, आणि म्हणताना चेहरा असा, की जणू नातवाचं कौतुक चाललंय. पुढे तिची नजर गेली. अगदी आंधळी नाही, पण मधलं दिसायचं नाही, कडेकडेचं दिसायचं. मग देव ती बोटांनीच ओळखायला लागली.

त्या वर्षी गोकुळाष्टमीच्या आधी तिची बोटं फार सुजली होती. देवांचं ताम्हन माझ्या हातात देत म्हणाली, “एवढे घासून दे. चिंचेनं. हातानं घास हं, ते तुझं बाटलीतलं काही नको.”

“हो गं.”

“आणि ह्याच्या हाताखाली जपून.”

घंटा, निरांजन, अन्नपूर्णा मी चिंचेनं घासली. बाळकृष्णाच्या गुडघ्यांच्या आत, गोळ्याच्या मागे, हिरवट काळं साठलं होतं. ते निघेना. नाइट शिफ्टचा आठवडा संपवून आलो होतो, पाठ धरली होती, आणि दुसऱ्या दिवशी वेल्समध्ये मॅच होती. गॅरेजमध्ये टंबलर भरायला काढलाच होता.

तिथे उभा राहून मी मीडिया निवडला, अगदी कामावर निवडतो तसा. अक्रोडाचा चुरा त्या खाचांत अडकून बसेल. मक्याचा भुगा चकाकी देईल, पण मळ काढणार नाही. तांदळाचाही विचार आला, देवाला अक्षता म्हणून हसूही आलं. पण तांदळाला वेळ लागतो, आणि वेळ काढायची माझी तयारी नव्हती. पिना कोपऱ्यात शिरतात. पिना, पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, थोडं लिंबूसत्त्व. लिंबूसत्त्व म्हणजे चिंचच की, अशी मी स्वतःची समजूत घातली. आणि वर जड पुंगळ्या. सकाळी बटण दाबलं आणि मॅचला गेलो.

वेल्सहून परतताना खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो. घरी आलो तेव्हा टंबलर फिरतच होता. बाळकृष्ण बाहेर काढला तर आम्लात जास्त राहून तांब्यासारखा गुलाबी पडला होता. तो गुलाबीपणा मी पॉलिशनं घालवला. पुंगळ्यांना शिशाची काजळी असते आणि ह्याचं तीर्थ घरात प्यायलं जातं, म्हणून पुन्हा पुन्हा धुतला. मग उजव्या हाताखाली अंगठा फिरवला. गुळगुळीत. कामावर असता तर पास केला असता.

बायको म्हणाली, “अय्या, किती लखलखीत! आई, बघा तरी.”

आईनं घेतला, अंगठा फिरवला, परत फिरवला.

“हा कुठला आणलास?”

“कुठला म्हणजे? तुझाच.”

“माझा चावतो.”

“अगं, घासून घासून झिजली असेल धार.”

“लग्नापासून मी घासतेय. तेव्हा नाही झिजली ती, तुझ्या एका दुपारात झिजली?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती रागावली असती, दोन दिवस बोलली नसती, अष्टमीच्या सुंठवड्याबरोबर विषय संपला असता. पण देव बंदुकीच्या पुंगळ्यांत घोळवला हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, “आई, तुला हल्ली असं होतं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या कडेकडेला पाहिलं, आणि बाळकृष्ण ताम्हनात ठेवला.

पुढे तिच्या विसरण्याची तपासणी करायला एक नर्स घरी आली. वार विचारला, महिना विचारला. इथे तेव्हा पंतप्रधान भराभर बदलत होते. ते कोण, म्हटल्यावर आई मला म्हणाली, “हिला विचार, आजचा का कालचा?” मी ते इंग्रजीत सांगितल्यावर नर्सही हसली. मग तिनं मला विचारलं, तुमच्या लक्षात आलेलं एखादं उदाहरण? उदाहरण होतं माझ्याजवळ. एकदा गॅस चालू राहिला होता. पण मी सांगितलं, तिला तिचा देव ओळखू येत नाही, दुसराच आहे म्हणते. नर्सनं ते लिहून घेतलं. मला वाटतं, कुणीतरी ते लिहून घेतलं म्हणजे ते खरं होईल, अशी माझी आशा होती. आईला इंग्रजी बोलता येत नाही, पण कळतं. तिनं मांडीवरचा पदर सरळ केला आणि तो पुनःपुन्हा सरळ करत राहिली.

त्यानंतर आईनं ठामपणे काही म्हणणं सोडलं. आमटी ढवळताना विचारते, “मीठ घातलं का रे मी? तूच सांग, माझं काय खरं.” बायको म्हणते, “किती बदलल्या ना आई.” मी बाहेर जाऊन कचऱ्याच्या बिनमध्ये काहीतरी टाकून येतो.

सकाळी ती अजून देवांना अंघोळ घालते. दाराशी चहा घेऊन उभा असलो की दिसतं. तिचा अंगठा त्या हाताखालून जातो. थांबतो. मग ती त्याला हळूच म्हणते, “तूच असशील बाबा.”

क्लबात हल्ली मीडियाचा वाद निघाला की मी कप धुवायला उठतो. परवा एका नव्या मेंबरनं गाठलंच. “तुमचं काय मत?” म्हटलं, भुगा वापर, वेळ लागू दे. “आणि पिना?” म्हटलं, पिना मी विकून टाकल्या. त्याला वाटलं असावं, थकलाय माणूस. थकलोच आहे.

आता ती खरंच विसरायला लागली आहे. परवा मला बाबांच्या नावानं हाक मारली. ते आपसूक आलं असतं की मी सुरुवात करून दिली, हे मला कुठला डॉक्टर सांगणार नाही, आणि विचारायचं धाडसही नाही.

तिला मी एवढंच देणं लागतो: आई, तो तुझाच आहे, आणि तुझंही बरोबर होतं. त्याला धार होती. ती मी घालवली. हे एकदा सांगून भागणार नाही, कारण ती विसरेल. जितक्या वेळा विसरेल तितक्या वेळा सांगावं लागणार आहे. अजून एकदाही सांगितलेलं नाही.