नंदाताईने लावलेला नंबर

माझ्या लेकीला, परीला कडेवर घेऊन मी दवाखान्याच्या गेटबाहेर पळत सुटले... आणि रिक्षात पाय टाकताना कळलं, फाईल आत बाकावरच राहिली. माझं नाव, चाळीचा पत्ता, रिपोर्ट, सगळं तिच्यात. वाट लागली.

आधीच सांगते, आम्ही बौद्ध. अंगात येणं, भूतबाधा असलं आमच्या घरात चालतच नाय. मी पण कधी मानलं नाय. आठवीपर्यंतच शिकलेय, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

घाटकोपरला डोंगरावर आमची चाळ. अंगणवाडीत बायकांची गर्भपिशवीची तपासणी झाली, मग फोन आला — एचपीव्ही वायरस पॉझिटिव्ह, मंगळवारी मोठ्या दवाखान्यात या. मला वाटलं, झाला कॅन्सर. बाजूच्या खोलीतली नंदाताई त्यातच गेली ना, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. वर्षभर अंगावरून जात होतं, लाजेने कोणाला बोलली नाय.

आणि त्या मंगळवारी लाईनीत मागची एक बाई बोलली, हा वायरस संबंधातून येतो, म्हणजे बाहेर काहीतरी लफडं असणारच. माझ्या सासूला हे कळलं तर... मी उठलेच.

रिक्षा सोडली, पण आत जायचा धीर होईना; फाईलसाठी परत गेले तेव्हा तासभर तरी झालेला. म्हटलं नंबर गेला, फाईल उचलायची नि सुटायचं. तर बाक गच्च भरलेला, फक्त माझी जागा रिकामी. फाईलवर एक निळी स्लिपर. पट्ट्याला सेफ्टी पिन, पिनेला लाल दोरा.

नंदाताईची. मी बाळंतीण होते तेव्हा नळावर हीच चप्पल ठेवून ती माझा नंबर धरायची, सगळ्यांशी भांडायची.

शेजारची म्हातारी मलाच ओरडली. "कुठं गेलतीस गं? त्या बाईने चौघींना उठवलं इथून. बोलली, नंबर लावलाय, येतेय ती."

नळावर नंदाताई हेच बोलायची. अगदी हेच.

वाटलं, फाईल उचलून पळावं. पण तिने भांडून धरलेला नंबर सोडू कसा? चप्पल बाजूला केली, बसले. नाव पुकारलं तशी परीला म्हातारीकडे दिली नि आत गेले.

डॉक्टर मॅडम बोलल्या, वायरस म्हणजे कॅन्सर नाय. खूप जणींना होतो, बहुतेकींचा आपोआप जातो. काहींच्यात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, मग त्याचा कॅन्सर होऊ शकतो. कधी आला ते कोणी सांगू शकत नाय, उगाच कोणावर संशय घेऊ नको. माझ्या पिशवीच्या तोंडावर छोटासा डाग होता, कॅन्सर व्हायच्या आधीचा. तिथेच मशीनने चटका देऊन जाळला.

बाहेर आले तर चप्पल नव्हती. म्हातारी बोलली, "घेऊन गेली ना ती. अनवाणी जाणार काय?"

नंदाताईला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या चपला तिच्या मुलीने माझ्यासमोर कचऱ्यात टाकल्या. नवरा बोलतो, पिन काय कोणाच्याही चपलेला असते. असेल... पण लाल दोरा? मला अजून काय कळलेलं नाय.

एक मात्र ठरलंय. बोलावतील तेव्हा तपासणीला जाणार, आणि परी नऊची झाली की तिला ह्या वायरसची लस देणारच, सासू काय पण बोलू दे. चाळीतल्या तिघी घाबरून बसलेल्या, त्यांना मीच घेऊन गेले. बाकावर माझी चप्पल ठेवून.

तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं... फाईल उचलून पळाला असता, की ती चप्पल बाजूला करून तिथे बसला असता?