थोरलीचं तेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवासमोर बसले तरी तेवढं एक वगळूनच बसले. आता तुम्हाला सांगते आहे, तरी मधूनमधून दाराकडे बघते — कुणी ऐकत तर नाही ना?

हल्ली माझी सून दुपारी खोलीत एक छोटं यंत्र लावते. पाण्यात सुगंधी तेलाचे थेंब टाकायचे, वरून वाफ येते. मन शांत होतं म्हणे. मलाही बसा म्हणते. मी उठून अंगणात जाते. म्हातारीला नवं काही सोसत नाही, असं तिला वाटतं. वाटू दे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी सिहोऱ्याहून लग्न होऊन लाखनीला आले. बिजवराला दिली होती मला. त्यांची पहिली बायको तापानं गेलेली. घरात तिला थोरली म्हणायचे. आमच्यात रीत आहे — दुसरीनं गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालायचा, त्याला रोज हळदकुंकू वाहायचं, म्हणजे ती त्रास देत नाही. जेमतेम विशीची पोर मी. मंगळसूत्राशेजारी मेलेली बाई, आणि झोपायचं तिच्याच खोलीत! भीती वाटणार नाही तर काय? दुपारी जरा डोळा लागला की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं.

त्यात सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. भात चिकट झाला, वरण पाणचट झालं, सिहोऱ्याच्या पोरींना वळणच नाही — सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू.

थोरलीच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली, मला ती बाटली सापडली. हिरवट काचेची, बुचाची. तिचा बाप जंगलात तिखाडी गवताचं तेल काढायच्या भट्टीवर कामाला होता, त्यानं दिलेली. वास गुलाबासारखा, पण जरा आल्यासारखा तिखट. गावात दुसऱ्या कुणाच्या घरी तसा वास नव्हता. डोकं जड झालं की ती रुमालावर दोन थेंब घेऊन पडायची, हे नवऱ्यानं बोलता बोलता सांगितलेलं. मीही घेतले. आणि काय सांगू — छातीवरचं ओझं उतरलं. लग्नानंतर त्या दुपारी मी पहिल्यांदा गाढ झोपले.

जाग आली ती गडवा पडल्याच्या आवाजानं. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, पाणी पायांवर सांडलेलं, चेहरा पांढराफटक.

"ते आली वो," त्या म्हणाल्या. "तिचा वास येऊन राहिला."

तेव्हाच हसून बाटली दाखवायची होती. एवढंच तर करायचं होतं! मी रुमाल मुठीत दाबला आणि म्हणाले, मला तर कसलाच वास येत नाही.

ती पहिली वेळ भीतीची. विचारल्याशिवाय पेटीला हात लावला म्हणून बोलणी बसतील, ही भीती. पण त्या संध्याकाळी आत्याबाईंनी माझं ताट आधी वाढलं. माझ्या गळ्यातल्या टाकाकडे बघत बघत भातावर तूप सोडलं, हात न आखडता. तो घास मला गोड लागला. फार गोड लागला. तिथेच मी बिघडले.

पुढे त्यांनीच मला सांगितलं. रोवण्याच्या दिवसांत थोरलीला ताप भरला. कामाच्या वेळी सोंग करते म्हणून आत्याबाईंनी तिला तशीच चिखलात धान लावायला पाठवली. दवाखान्यात न्यायला उशीर झाला. "हिशोब मांगाले येते ते," त्या म्हणायच्या आणि माझा हात घट्ट धरायच्या.

हे ऐकून तरी माझं मन द्रवावं ना? नाही. नेमकं कुठे दाबायचं ते मला कळलं. त्यांचं तोंड सुटलं की दुपारी त्यांच्या उशीला एक थेंब लावायचे. मग कितीतरी दिवस घर शांत. एक थेंब माझ्या झोपेसाठी, एक त्यांना जागं ठेवण्यासाठी — एकाच बाटलीतून. लाज वाटते सांगताना. तेव्हा वाटत नव्हती.

केवढी धिप्पाड बाई! धानाचं पोतं एकटी सरकवायची. ती वाळत गेली. एकटी आतल्या खोलीत जाईना, भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसेना. लिंबं उतरवून झाली, झोपेच्या गोळ्या झाल्या. मी घाबरले. तेल लावणं थांबवलं — खरंच थांबवलं. पण काय उपयोग? वास नसला तरी त्या नाक वर करून हुंगत बसायच्या. आणि मीही, बाटलीचं बूच घट्ट आहे ना, हे पुन्हा पुन्हा जाऊन बघायची. कारण एखाद्या दुपारी मलाही तो वास यायचा.

सांगून का टाकलं नाही? नवरा काय म्हणेल, माहेरी पाठवेल का, लेकीचं काय होईल — असलंच सगळं. त्यांच्या झोपेचा विचार त्यात कुठेच नव्हता.

लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी आत्याबाईंना भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं. डबा घेऊन जाताना, कारध्याच्या पुलावर, एसटीच्या खिडकीतून मी ती बाटली वैनगंगेत टाकली. तळाला थोडं तेल होतं. वाटलं, सुटले.

दवाखान्यात नवरा औषध आणायला खाली गेलेला. शेजारची खाट रिकामी. आम्ही दोघीच होतो. आत्याबाईंनी डोळे उघडले, नाक वर केलं.

"आली वो. तुले बी येते ना वास? खरं सांग पोरी."

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मला खरं सांग म्हटलं होतं. ऐकायला कुणी नव्हतं. बाटली नदीत गेलेली. मी बोलले असते तर त्या एक दिवस तरी निवांत झोपल्या असत्या.

मी म्हणाले, "हो. येते."

त्यांनी माझ्या गळ्यातला टाक मुठीत धरला. अंगात ताकद नव्हती, तरी मला खाली ओढलं, आणि त्या चांदीच्या तुकड्याला म्हणाल्या, "चुकलं वो माये माझं. माफ कर मले." पुन्हा म्हणाल्या. पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

मी मान वाकवून तशीच उभी राहिले. फिनाईलशिवाय तिथे कसलाच वास नव्हता.