अण्णांची गाडी नापास

वकिलीत यायच्या आधीपासून मी संशयी आहे. सनद मिळाल्यावर त्या स्वभावाची फी घेता येऊ लागली, एवढाच फरक. त्यामुळं अण्णांची गाडी पीयूसीत नापास झाली, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला की यात कुणाचा तरी हात आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. अंबडच्या कोर्टात त्यांनी जन्मभर दिवाणी दावे चालवले. जालन्याच्या त्यांच्या एका दोस्तानं आखातातून परतताना ही जर्मन गाडी बोटीनं आणली आणि वर्षभरात वैतागून अण्णांना विकली. वैतागाची कारणं दोन. एक, स्टिअरिंग डाव्या बाजूला. दुसरं, हिला कार्बोरेटरच नाही. पेट्रोल किती सोडायचं ते आतला एक बंद डबा ठरवतो आणि बारीक नळ्यांतून इंजिनात फवारतो. तालुक्यातले मिस्तरी बॉनेट उघडून आत बघायचे, परत लावायचे आणि चहा मागवायचे. बाररूममध्ये गंमत चालायची, "वकीलसाहेब, इंजेक्शनची गाडी हाय, गुरांच्या दवाखान्यात न्या." शेवटी अण्णांनी तिचं जाडजूड पुस्तक मागवलं आणि स्वतःच शिकले. रविवारी अण्णा इंजिनात वाकलेले आणि शेजारी आई बॅटरीचा उजेड धरून उभी, हे बघतच मी मोठी झाले.

डाव्या स्टिअरिंगमुळं आईला आणखी एक काम होतं. पुढं ट्रक असला की डावीकडं बसलेल्या अण्णांना समोरून येणारं काही दिसायचं नाही. उजवीकडच्या सीटवर आई असायची. ती मान बाहेर काढून बघायची आणि "थांबा" नाहीतर "जाऊ द्या" म्हणायची. अण्णांना हुकूम सोडायची मुभा तिला तेवढ्यापुरतीच होती. एरवी आमच्या घरात अण्णांना "नाही" म्हणायची पद्धत नव्हती. आम्ही म्हणत नव्हतो, अशील म्हणत नव्हते, न्यायाधीशसुद्धा जरा जपूनच म्हणायचे.

दोन हजार साल उलटलं आणि गाडीची पंधरा वर्षं भरली. आता पुन्हा नोंदणी करायची, तर आरटीओला गाडी दाखवायची आणि सोबत धूर तपासल्याचा पीयूसीचा कागद द्यायचा. कागद नाही, तर गाडी रस्त्यावर नाही. जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांना भंगार पुरवणारा एक जण फाटकाशी येऊन गाडी न्याहाळून गेला होता. त्याला खबर कुणी दिली, हाही माझा एक संशय. अण्णा तेव्हा सत्तरी ओलांडलेले, कोर्ट सुटलेलं. संध्याकाळी गाडी काढून मोसंबीच्या मळ्याकडं चक्कर मारायची, एवढंच त्यांचं राज्य उरलं होतं. तेही गेलं तर हा माणूस खचेल, ही माझी भीती.

पहिली तपासणी अंबडलाच, पंपाशेजारच्या पत्र्याच्या टपरीत. अण्णांनी गाडी नेली, मी मागच्या सीटवर. पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली तर आकडा मर्यादेच्या कितीतरी वर. धूर काळाकुट्ट.

"वकीलसाहेब, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "चहापाण्याचं बघा, कागद देतो."

"खोटा कागद माझ्या गाडीत बसणार न्हाई," अण्णा म्हणाले आणि गाडी वळवली.

चहापाण्यासाठीच त्यानं नापास केली, हे मी मनात लिहून टाकलं. घरी आल्यावर संध्याकाळी मी सायलेन्सरसमोर पांढरा रुमाल धरला. रुमाल पांढराच राहिला. माझ्या दृष्टीनं निकाल लागला होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही जालन्याला गेलो. टपरी वेगळी, माणूस वेगळा, तरी धूर काळाच. मग मी पंपावर घसरले. पेट्रोलमध्ये रॉकेल मारत असणार. टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरलं. पुन्हा नापास. मग पाळी आली जालन्याच्या मिस्तऱ्याची. अण्णांच्या त्या दोस्ताचा हा नातेवाईक मधल्या काळात गाडी एकदा तपासून गेला होता. चांगला पार्ट काढून जुना बसवला असणार, असं मी त्याला तोंडावर म्हटलं.

तो रागावला नाही. म्हणाला, "ताई, ह्या गाडीचा एक पार्ट जरी जालन्यात भेटला, तर मला पण दाखवा."

मला पटलं नव्हतं. गाडी घरी पांढरा धूरसुद्धा सोडत नाही आणि मशीनपुढं उभी केली की काजळी ओकते. घर आणि मशीन यांच्यामध्ये कुणीतरी काहीतरी करत होतं. अण्णांचं डोकं या कामात इतकं चालायचं, पण ते मात्र या भानगडीत पडत नव्हते. पुस्तक उघडतसुद्धा नव्हते. "बघू पुढच्या खेपेला," एवढंच म्हणायचे. तेही मला खटकत होतं.

मुदत संपत आली. चौथ्या खेपेच्या सकाळी मी ठरवलं, आज गाडीवरून नजर हलवायची नाही. अण्णा आत कपडे करत होते. आई ताट घेऊन बाहेर आली, प्रत्येक वेळी यायची तशी. महत्त्वाच्या कामाला निघताना ती बॉनेट उघडून थेट इंजिनाला हळदीकुंकू लावायची आणि चिमूटभर साखर ठेवायची. "काचेला लावून काय उपेग? काम तर आतलं मशीन करतं," असं तिचं म्हणणं. परत आल्यावर साखरेला मुंग्या लागतात म्हणून तीच बॉनेट उघडून पुसून घ्यायची. सगळ्या गावावर संशय घेऊन झाला होता, पण त्या ताटाकडं माझं लक्ष गेलं नव्हतं.

ती आत गेली तशी मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एका वायरचा प्लग सुटून लोंबत होता. त्याच्या काळ्या प्लास्टिकवर कुंकवाचा अंगठा उमटला होता.

तो प्लग मला माहीत होता. इंजिन तापलं का गार आहे, हे ती वायर डब्याला सांगते. ती निघाली की डबा समजतो इंजिन अजून गारच आहे आणि नुसतं पेट्रोल ओतत राहतो. पुष्कळ वर्षांपूर्वी तो आपोआप सैल झाला होता आणि अण्णांनी तो शोधून काढला, तेव्हा बॅटरी आईच्याच हातात होती. साखर पुसताना तीच तो परत बसवत असणार, म्हणून घरी रुमाल पांढरा.

आई पिशवी घेऊन बाहेर आली. मी प्लग उचलून दाखवला. "हे काय आहे, आई?"

ती जराही गडबडली नाही. "बसव जागेवर, बसवायचा असंल तर. मंग त्यांच्या शेजारी तूच बस."

"म्हणजे?"

"तीर्थपुरीहून येऊन राह्यलो होतो," ती हळू आवाजात म्हणाली. "कडंनं एक बाई चालली होती, डोक्यावर गवताचा भारा. मला वाटलं, यांना दिसली. न्हाई दिसली. मी वरडले तव्हा गाडी वळली. आरसा भाऱ्याला घासला, गवत सगळं काचेवर आलं. अन् हे काय म्हणाले माहितीय? वारं सुटलंय का गं?"

मी वाकून डावीकडच्या आरशाकडं बघितलं.

"कोण सांगणार त्यांना? तू सांगशील? म्हणलं, मशीनच सांगंल."

मला तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. प्लग जागेवर दाबून बसवला, बॉनेट लावलं आणि डावीकडं स्टिअरिंगसमोर जाऊन बसले. कॉलेजात असताना अण्णांनीच मला ही गाडी शिकवली होती, पण ते असताना त्या सीटवर बसायची माझी हिंमत कधी झाली नव्हती.

अण्णा किल्ली घेऊन आले. मला तिथं बघून थांबले.

"आज मी चालवते, अण्णा."

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "लायसन घेतलं का?" एवढंच विचारलं आणि वळसा घालून उजवीकडं, आईच्या जागेवर बसले. आई मागं बसली. इंजिन सुरू झालं तसं अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. "आज बराबर चाललंय," ते म्हणाले. हे ज्याला कानानं कळतं, त्याला मागच्या खेपांना काय कळलं नसेल? हा संशय माझ्या मनात अजून आहे. पण त्यांना मी ते कधी विचारलं नाही.

जालन्यात गाडी पास झाली. तिथल्या माणसाचाच विश्वास बसेना. त्यानं नळी काढून पुसली, पुन्हा घातली आणि मग कागद दिला.

परतताना अंबडच्या रस्त्यावर सळयांचा ट्रक पुढं आला. मागं बाहेर आलेल्या सळयांना लाल चिंधी बांधलेली. डावीकडून मला ट्रकशिवाय काही दिसत नव्हतं. सवयीनं मी उजवीकडं विचारलं, "जाऊ का?"

अण्णांनी मान बाहेर काढली. कितीतरी वेळ समोर बघत राहिले. मग मान आत घेऊन चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसू लागले.

"मला न्हाई दिसत," ते म्हणाले. "तुझ्या आईला विचार."

आई मागून पुढं सरकली. अण्णांच्या खांद्यावर हात टेकून तिनं बाहेर बघितलं.

"थांब," ती म्हणाली. "टँकर येऊन राह्यलाय."