मधली पायरी न गाळणाऱ्या बाई

वसईपासून विरारपर्यंतच्या सगळ्या बेडकांनी मिळून उद्या एखादा पुतळा उभारायचं ठरवलं, तर तो आमच्या तळमजल्यावरच्या बाईंचाच असेल, आणि त्या पुतळ्याच्या एका हातात कात्री व दुसऱ्या हातात गोंदाची बाटली असेल. बाळांनो, मागच्या वेळी तुम्ही दोघं आलात तेव्हा जिन्यापाशी हिरव्या कागदी टोप्या घातलेली मुलं उड्या मारत होती, आणि तुम्ही मला विचारलं होतं, "आजी, हे काय चाललंय?" तेव्हा तुमच्या बॅगा, तुमची झोप आणि तुमचं पोट या तिन्ही गोष्टी बिघडलेल्या असल्यामुळे उत्तर राहून गेलं. अर्धवट राहिलेलं काम मला चैन पडू देत नाही, म्हणून आता नीट सांगते.

बाई मूळच्या गिरीजच्या. तिथे भावाची केळी-नारळाची वाडी आहे. पण एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट घेऊन त्या एकट्या राहायच्या आणि पुढच्या हॉलमध्ये बालवाडी चालवायच्या. बालवाडीत इतर ठिकाणी शिकवतात ते अंक, अक्षरं, रंग हे सगळं त्या शिकवत असणार, नाही असं नाही. पण ते जाता जाता, भाजीवर कोथिंबीर टाकावी तसं. मुख्य पदार्थ एकच : कोण कसं जन्मतं आणि कसं मोठं होतं. अंड्यातून कोंबडीचं पिल्लू, अळीतून फुलपाखरू, शेपटीवाल्या पिल्लातून बेडूक. आणि हे सगळं कागद, कापूस, नारळाची करवंटी, वाळलेलं केळीचं पान आणि गोंद यांतून मुलांनी आपल्या हातांनी करायचं. मी निवृत्त झाल्यावर त्यांना मदत करायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी मी चाळीस कमळाची पानं पट्टी लावून एकसारखी कापून दिली. बाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "ताई, ही कमळाची पानं आहेत की सरकारी अर्ज?"

त्यांचा सिद्धांत एका वाक्याचा होता : मधली पायरी गाळायची नाही. अंडं झालं की एकदम कोंबडा नाही. हा सिद्धांत त्या मुलांपुरता ठेवत्या तर बरं होतं, पण त्या तो लहानथोर सगळ्यांना लावत. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला बढती मिळाली म्हणून त्याचे वडील पेढे घेऊन आले, तर बाई पेढा हातात धरून विचारतात, "एकदम फुलपाखरू? कोशात कधी होता?" मी एकदा कौतुकाने तुमच्या बाबांचा फोटो दाखवला, परदेशातल्या ऑफिसात टाय लावलेला. म्हणाल्या, "छान. आणि याच्या आधीचा?" मी पदवीदानाचा दाखवला. "याच्या आधीचा?" दहावीचा बक्षीस समारंभ दाखवला. "अहो ताई, ही सगळी फुलपाखरंच दाखवताय. गणिताचा पेपर फसल्यावर पलंगाखाली लपला होता, तो कुठाय?" पलंगाखालच्या माणसाचा फोटो कोण काढतं? आणि हे त्यांना मी कधी सांगितलं होतं, तेही मला आठवेना.

नाताळात त्यांच्या गावी घरोघर येशूजन्माचा गोठा सजवतात आणि बक्षीसही असतं. बाईंच्या गोठ्यात कोंबडी होती, कोंबडीखाली अंडी होती, एक अंडं फुटलेलं होतं, एक पिल्लू ओलं होतं आणि एक कोरडं. बघायला आलेले फादर बराच वेळ वाकून पाहत राहिले. "बाई, बाळ येशू कुठे आहे?" बाई म्हणाल्या, "फादर, अजून संध्याकाळचे सातच वाजलेत. जन्माआधी बाळ कुठून आणू?" बक्षीस शेजारच्या गोठ्याला गेलं, त्यात विजेवर फिरणारा तारा होता.

पण त्यांचं खरं नुकसान केलं ते पुठ्ठ्याच्या ट्रेंनी. अंड्यांच्या ट्रेचे उंचवटे ओळीने कापले की फार सुरेख अळी होते, हे मीही मान्य करते. त्यासाठी बाई घरोघर बेल वाजवून ट्रे मागत. आता आमच्या इमारतीत कोण अंडी खातं आणि कोण खात नाही हा विषय एखाद्या मोठ्या घराण्यातल्या भानगडीइतका नाजूक आहे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी अंड्याच्या केकलासुद्धा नाक मुरडायच्या. एका रविवारी त्यांच्याकडे सासरची माणसं बसलेली असताना बाईंनी दारातूनच विचारलं, "वहिनी, मागच्या वेळचे दोन ट्रे छान निघाले हो! या आठवड्यातला रिकामा झाला का?" घरात काय झालं ते मला माहीत नाही. दार लागल्याचा आवाज मात्र मी चौथ्या मजल्यावर ऐकला.

पालकांचंही काही खरं नव्हतं. स्टेशनच्या बाजूला काचेच्या दाराची एक नवी शाळा निघाली होती. तिथल्या मुलांना पाकिटातून तयार फुलपाखरू मिळतं, फक्त पाठीमागचा कागद सोलून चिकटवायचं. ते फुलपाखरू चमकतं, आजीला परदेशी पाठवता येतं, आणि त्यात मुलाचा हात कुठे लागलेला नसतो त्यामुळे ते सरळ असतं. आमच्या बाईंकडची मुलं त्या आठवड्यात वाळक्या केळीच्या पानाची सुरळी घेऊन घरी आली. पालकांच्या ग्रुपवर लगेच सुरू : 'टीचर, माझ्या मुलाने आज काहीच केलं नाही का?' 'टीचर, हा कचरा आहे की होमवर्क?' बाईंनी सगळ्यांना मिळून एकच उत्तर लिहिलं : 'कोशात असंच दिसतं. थांबा.' एका बापाने थांबायचं म्हणजे किती ते लेखी मागितलं.

माझं स्वतःचंही त्यांनी नुकसान केलं आहे. माझ्या गॅलरीतला कढीपत्ता तुम्हाला आठवत असेल, गोल कापलेला, कुंडीला पांढरा पट्टा. एकदा पानावर पक्ष्याची घाण दिसली म्हणून मी ओलं फडकं घेऊन गेले, तर चहाला आलेल्या बाई किंचाळल्या, "ताई, हात लावू नका, बाळ आहे ते!" ती घाण खरोखरच चालू लागली. लिंबाच्या जातीच्या झाडांवर एक फुलपाखरू अंडी घालतं, त्याची अळी लहानपणी शत्रूला फसवायला तसं सोंग घेते. पुढे ती हिरवीगार होते आणि माझ्या आमटीतला कढीपत्ता खाते. बाई कुंडी उचलून खाली घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "पाळणाघर सुरू झालं." तेव्हापासून आमच्या आमटीची चव सुधारलेली नाही.

तर मग वहिनींनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. तक्रारीत ट्रेचा उल्लेख नव्हता. राहत्या जागेत शाळा चालते आणि रोज सकाळी वीस मुलं एका सुरात डराव डराव करतात, एवढंच होतं, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सभेत मतदान होणार, विरोधात गेलं तर बालवाडी बंद. बाईंना दुसरं उत्पन्न नव्हतं. तरी त्यांचं म्हणणं एवढंच, "बेडकाचं अर्धंच झालंय हो. अर्ध्यावर कसं सोडायचं?"

सभेआधी पाहणी करायला सेक्रेटरी आले, हातात फाईल आणि मोजायची टेप. दिवस संकष्टीचा. बाई मुलांना घेऊन मागच्या पार्किंगमध्ये उड्यांचा सराव घेत होत्या आणि मी हॉलमध्ये पानं कापत होते, यावेळी वेडीवाकडी. बाईंकडे कामाला पाचूबंदरच्या एक मावशी होत्या. त्यांनी सेक्रेटरींना बसवलं आणि समोर साबुदाण्याच्या खिचडीची बशी ठेवली, वर खोबरं, बाजूला लिंबाची फोड. "घ्या सायेब. आज चतुर्थी हाय, तुमचाबी उपास आसंल." सेक्रेटरी विरघळले. "दाण्याचं कूट अगदी बेताचं पडलंय," म्हणत त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. टेप तशीच गुंडाळलेली राहिली. माझ्या मनात आलं, चला, बालवाडी वाचली.

तेवढ्यात वीस बेडूक आत आले. दोन वेण्यांची एक मुलगी सरळ ओट्याकडे गेली, मोठ्या पातेल्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "टीचर, आपली अंडी कुठं गेली?"

बाईंनी पातेल्याकडे पाहिलं, मग मावशींकडे.

"मी काय केलं?" मावशी म्हणाल्या. "सकाळी पान्यात भिजलेला व्हता. चतुर्थीच्या दिवशी साबुदाना भिजवलेला दिसला तर मानूस खिचडीच करनार ना? बेडकासाठी भिजवतात हे मला कोन सांगनार?"

तो साबुदाणा निळ्या पाण्यात सोडायचा होता. प्रत्येक दाण्यावर मुलांनी शाईचा काळा ठिपका द्यायचा, की हुबेहूब बेडकाची अंडी. वेण्यांवाली मुलगी सेक्रेटरींच्या बशीपाशी येऊन उभी राहिली आणि तिने भोकाड पसरलं. "काकांनी आपली सगळी अंडी खाल्ली!"

सेक्रेटरींचा चमचा हवेत थांबला.

"आता काकांच्या पोटात शेपटीवाली पिल्लं होणार," एक मुलगा शांतपणे म्हणाला.

"मग त्यांना पाय येणार."

"आधी मागचे! मागचे आधी येतात!"

"मग पुढचे. मग शेपूट जाणार."

"मग काका डराव करणार!"

बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "ऐकलंत साहेब? मागचे पाय आधी! एकानेही पायरी गाळली नाही!"

"बाई," सेक्रेटरी बशी दूर सारत म्हणाले, "हा साबुदाणाच होता ना?"

"रात्री भिजवला तेव्हा साबुदाणा होता. सकाळी मुलांना दाखवला तेव्हापासून अंडी."

"अहो, माझा उपास आहे!"

"साबुदाणा उपासाला चालतो," मी कायदा सांगितला.

"अंडी नाही चालत," वेण्यांवाली हुंदक्यातून म्हणाली. "माझी आजी सांगते."

ती रडायची थांबेना. शेवटी सेक्रेटरी उठले, लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेले आणि घरातला साबुदाण्याचा डबा घेऊन आले. तो भिजेपर्यंत मुलांनी त्यांची टेप पूर्ण बाहेर ओढली आणि तिचा साप केला, कारण बेडकांच्या तळ्याला साप लागतो. मोजमाप त्या दिवशी झालं नाही. दुपारी घरी जाताना त्यांच्या बोटांना शाई होती.

सभेत ते उभे राहिले. "तक्रार खरी आहे. आवाज होतो. जागा राहायची आहे. नियम तो नियम." मग चष्मा पुसून म्हणाले, "पण मागचे पाय आधी येतात, हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं." सगळे हसले आणि मतदान झालं. ज्यांची मुलं अजून बाईंकडे होती त्यांनी बालवाडी राहावी म्हणून हात वर केले. ज्यांची मुलं त्याच हॉलमध्ये अळी होऊन सरपटली, कोश होऊन झोपली आणि आता मोठ्या शाळेत गेली होती, त्यांनी ती जावी म्हणून. वहिनींचा मुलगाही त्यातलाच. ज्यांची फुलपाखरं उडाली होती, ते दोन हातांनी जास्त भरले. मी आणि सेक्रेटरी हरणाऱ्यांत होतो. मेच्या सुट्टीपर्यंत मुदत मिळाली, तीही सेक्रेटरींनीच भांडून मिळवली. बाईंनी ठराव ऐकला आणि बोटांवर हिशोब केला. "बेडूक पूर्ण होईल," म्हणाल्या. फुलपाखराबद्दल बोलल्या नाहीत.

आता त्या गिरीजला भावाच्या वाडीत असतात. ओटीवर पाच-सहा मुलं येतात. वाडीत जुनं बावखल आहे, म्हणजे पाणी साठवायचं तळं, त्यात खरे बेडूक आहेत आणि त्यांच्याविरुद्ध कोणी लेखी तक्रार करत नाही. तळमजला बंद आहे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी परवा लिफ्टमध्ये म्हणाल्या, "सकाळी इतकं सुनं वाटतं की दूध उतू गेलेलंसुद्धा लक्षात येत नाही." सेक्रेटरींची बायको सांगते, संकष्टीला ते खिचडीतला पहिला घास उजेडाकडे धरून बघतात.

जाण्याच्या दिवशी बाईंनी माझी कुंडी वर आणून दिली. झाडाला एक पान नव्हतं. एका काडीला कोश लटकत होता. "हलवू नका, पुसू नका. नुसती वाट बघा. तुम्हाला ते येत नाही, पण येईल." मी रोज खुर्ची टाकून बसले. आणि एका सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात ते उडून गेलं. मी रागाने त्यांना फोन केला. म्हणाल्या, "कोश रिकामा आहे ना? मग झालं तर. उडताना सगळ्यांनाच दिसतं, ताई. कोशात होतं तेव्हा तुम्ही जवळ होतात."

बाळांनो, रविवारी फोनवर तुम्ही मला दिसता, केस विंचरलेले, चांगले कपडे घातलेले, नवी कविता पाठ झालेली. वाढदिवसाचे फोटो येतात, बक्षिसांचे येतात. प्रत्येक वेळी तुम्ही थोडे मोठे असता आणि मधलं काहीच माझ्याकडे नसतं. तेव्हा मला अधूनमधून दुसरेही फोटो पाठवा. दात पडलेला, ताप आलेला, रुसून बसलेला. कोणी पलंगाखाली लपलं असेल तर तोही. बाईंना दाखवायचे आहेत, असं आईबाबांना सांगा.

तो रिकामा कोश मी अजून काढलेला नाही. गॅलरी रोज पुसते, त्याच्या भोवतीने फडकं फिरवते. झाडाला नवी पालवी आली आहे, आणि काल एका कोवळ्या पानावर मोहरीहून बारीक, पिवळसर ठिपका दिसला. आमटी आज पुन्हा कढीपत्त्यावाचून केली.