पातळ फळ्यांची ढाल

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि ज्याच्याबरोबर रोज संध्याकाळी नदीच्या पुलापर्यंत फिरायला जातो त्या मित्रापाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखणारे मला ‘पुराव्याचे सर’ म्हणतात – कौतुकानं म्हणतात हो – आणि मी हसून मान हलवतो.

मी कर्जतला कॉलेजात इतिहास शिकवतो. वडील शिक्षक, आजोबा शिक्षक, त्यामुळे गावात आम्हाला नमस्कार आयता मिळतो. मला नाद आहे तो मात्र गावाला न शोभणारा – व्हायकिंगांच्या शस्त्रांचा. हजार वर्षांपूर्वीचे ते उत्तरेकडचे दर्यावर्दी, त्यांच्या तलवारी, ढाली, शिरस्त्राणं. लोक विचारतात, सर, किल्ल्यांच्या मुलखात राहून हे कुठलं खूळ? खरं सांगू? आपल्याकडच्या एखाद्या तलवारीबद्दल शंका काढली, तर चहाच्या टपरीवरही आवाज चढतो. व्हायकिंगांबद्दल कर्जतमध्ये कुणाच्याच भावना दुखावत नाहीत. तिथं निव्वळ पुराव्यावर बोलता येतं.

आणि पुरावा किती थोडा आहे! चित्रांत त्यांच्या शिरस्त्राणांना शिंगं असतात ना? त्या काळातलं शिंगांचं एकही शिरस्त्राण सापडलेलं नाही. ती शिंगं फार पुढच्या काळातल्या नाटकवाल्यांनी आणि चित्रकारांनी चढवली. जवळजवळ पूर्ण म्हणावं असं शिरस्त्राण नॉर्वेतल्या एका शेतात मिळालं, तेही तुकड्यांत. ढालींचं तर विचारू नका. लाकूड मातीत कुजून जातं. मागे उरते ती मधली लोखंडी वाटी, जिच्या आड मूठ असते, आणि चार वाकलेले खिळे. खिळा कुठं वाकवलाय ते मोजायचं आणि त्यावरून फळी किती जाड होती ते ठरवायचं. मला हे फार आवडायचं. नाहीशा झालेल्या फळीबद्दल खिळा साक्ष देतो! वर्गात हे सांगताना माझा आवाज बदलायचा.

विषयांतर करतोय. कळतंय मला.

काही वर्षांपूर्वी खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, एका परदेशी मालिकेचं शूटिंग आलं. व्हायकिंगांची मालिका. प्लायवूडची जहाजं आली, फेसाचा बर्फ आला, आणि एप्रिलच्या उन्हात लोकरीची पांघरुणं घेऊन लढायला आसपासच्या गावांतली पोरं आली. माझ्या एका विद्यार्थ्याचा भाऊ तिथं व्यवस्था बघत होता. त्यानं माझं नाव सुचवलं. ऐतिहासिक सल्लागार. शेवटच्या नावांच्या यादीत माझंही नाव झळकणार होतं. त्या दिवसांत मी आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहायचो – हेही कबूल करून टाकतो.

शिंगं मी पहिल्याच दिवशी उतरवली. दिग्दर्शकानं ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. असं सगळ्यांनी ऐकणं माणसाला चढतं. मग मी ढालींकडे वळलो. त्यांनी जाड प्लायवूडच्या केल्या होत्या. मी म्हणालो, हे चालणार नाही. एका दफन केलेल्या जहाजाच्या दोन्ही अंगांना ओळीनं ढाली मिळाल्यात, त्या पातळ फळ्यांच्या आहेत, कडेला तर आणखी पातळ. फळ्या शेजारी शेजारी जोडायच्या, मध्ये वाटी, मागे आडवी मूठ. काही ढालींना वरून कातडं चढवत असावेत, असाही पुरावा आहे. कातडं फळ्यांना धरून ठेवतं. दिग्दर्शक म्हणाला, कातडं नको, लाकडाच्या रेषा कॅमेऱ्यात छान दिसतात. मी काय म्हणालो असेन? ‘चालेल’ म्हणालो. पातळ फळी मान्य झाली होती, तेवढं मला पुरे होतं.

त्या पोरांना ढाल धरायला मीच शिकवलं. वाटी समोर, कोपर अंगाजवळ, गुडघे सैल. सगळ्यांत लवकर शिकला तो नितेश. पोशीरचा, शेतकऱ्याचा पोरगा, कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचा. चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा त्याच्या पंजात आला की सुटत नसे. जिल्ह्याच्या संघात तो येणार, असं सगळे धरून चालले होते. ढाल हातात आली आणि तो आपोआप खाली बसकण घेऊन उभा राहिला. मी इतरांना म्हणालो, हे बघा, असं.

आता येतो मी तिथं. येतोच आहे.

लढाईच्या दृश्याच्या आदल्या दिवशी, दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना, मी एक नवी ढाल घेऊन शेडच्या मागे गेलो. खुंटाला बांधली. दृश्यात वापरायची ती बोथट लोखंडी कुऱ्हाड घेतली – लोखंडीच हवी, हलकी नको, हाही हट्ट माझाच – आणि एक घाव घातला. फार जोरात नाही. मी काही पैलवान नाही. फळी रेषेरेषेनं उभी फाटली, वाटीचे खिळे लाकडासकट उपटून आले, आणि कुऱ्हाड मुठीवर जाऊन थांबली. जिथं माणसाची बोटं असतात, बरोब्बर तिथं.

मनात आलं, फळीत गाठ असेल. लाकूड ओलं असेल. खरे कारागीर लाकूड करवतीनं चिरतच नसत, फोडून काढत, म्हणून त्यांचं टिकत असेल. पंडितानं मनात आणलं तर त्याला कारणांची काय कमतरता? पण त्या सगळ्या कारणांच्या खाली एकच गोष्ट होती – आता दिग्दर्शकासमोर जाऊन ‘प्लायवूडच बरं होतं’ म्हणावं लागेल. तेवढंच. एवढीशी नामुष्की.

शेडच्या पलीकडे आचाऱ्याची चूल पेटलेली होती. मी त्या फळ्यांचे तुकडे नेले आणि चुलीत सरकवले. आचारी म्हणाला, बरं झालं सर, लाकूड संपतच आलं होतं. लाल रंग होता त्यांवर, धूर काळा निघाला. आयुष्यभर वाकलेल्या खिळ्यांवरून ढाली उभ्या करणारा माणूस मी. माझ्या हातात आलेला एकुलता एक धडधडीत पुरावा मी जाळला. वाटी आणि खिळे भंगाराच्या पिंपात टाकले.

संध्याकाळी लढाई बसवणाऱ्या लोबो मॅडमनी विचारलं, “सर, ढाल ट्राय केलीय ना तुम्ही? मागे आदमीचा हात असतो.”

“केलीय,” मी म्हणालो. “टिकते.”

दोन शब्द. त्या दोन शब्दांना मी पुष्कळदा हवेतून परत ओढायचा प्रयत्न केलाय.

दुसऱ्या दिवशी नितेश पहिल्या ओळीत होता, मीच त्याला तिथं उभा केला होता, चांगला धरतो म्हणून. समोरून कडावचा एक पोरगा कुऱ्हाड घेऊन धावत आला, ठरल्याप्रमाणे त्यानं घाव घातला, आणि ढाल तशीच फाटली. अगदी तशीच, उभी, रेषेरेषेनं. नितेश ओरडला नाही. तो खाली बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला. कुऱ्हाड मारणारा पोरगाच रडायला लागला.

पनवेलला नेलं. बोटं राहिली, पण त्यांतल्या शिरा तुटल्या होत्या. डाव्या हाताची मूठ पुन्हा मिटणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तंबूत सगळे जमले होते. निर्मात्याच्या माणसानं माझ्याकडे बघून विचारलं – आणि बघा, त्यानं मलाच विचारलं, कारण जाणकार मीच – की हे झालं कसं? लोबो मॅडम माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा बोलता आलं असतं. अजूनही वेळ होता. मी म्हणालो, “ढाल तिरकी धरली त्यानं. वाटी समोर ठेव म्हणून बजावलं होतं मी.”

सगळ्यांनी ऐकलं. नेहमीसारखंच ऐकलं.

दवाखान्याचं सगळं मालिकेच्या कंपनीनं केलं. पण मूठ गेलेल्या कबड्डीपटूचं कोण काय करणार? नितेशवर ‘बेफिकीर’ हा शिक्का बसला. पुढे खालापूरला शूटिंगची दुसरी कामं आली, त्याला कुणी बोलावलं नाही. जिल्ह्याच्या संघात त्याच्या जागी कोण गेलं, मी विचारलं नाही.

मी त्याला भेटायला गेलो होतो. हात प्लॅस्टरमध्ये, उशाशी आई बसलेली. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, “माजंच चुकलं, सर. तुमी सांगितलं व्हतं वाटी समोर धर. तिरकी कवा झाली, कळलंच नाय.” आणि आई त्याच्यावर रागावली, “सरांनी किती समजावलं आसंल रं तुला! धेन कुटं आसतं तुजं?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमी मनाला लावून नका घेऊ.”

मी मनाला लावून घेतलं नाही. मोसंबी ठेवली आणि निघालो.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर मला चैन पडली नसेल. पडली हो. तेच तर सांगायचंय. जेवण जात होतं, झोप लागत होती. मालिका आली, नाव झळकलं, कॉलेजात सत्कार झाला. मी व्याख्यानं देत राहिलो. त्या काळच्या काही तलवारींच्या पात्यात एका घडवणाऱ्याचं नाव जडवलेलं असतं, आणि त्याची नक्कल करणारे ते नाव जडवताना अक्षरं चुकवतात. त्यावरून अस्सल कोणती न् नकली कोणती ते ओळखता येतं, असं मी सांगायचो. लोक टाळ्या वाजवायचे. सत्य कधी लपत नाही, असं एक वाक्यही मी शेवटी टाकायचो. लाज? तेव्हा नाही वाटली.

मग या हिवाळ्यात नितेशचा फोन आला. पोशीरला तो आता मुलींना कबड्डी शिकवतो. त्याच्या मुली तालुक्यात पहिल्या आल्या होत्या. बक्षिसं द्यायला सरच पाहिजेत, असा त्याचा हट्ट. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

भात कापून झालेल्या शेतात मैदान केलं होतं. मुली चपळ, धिटुकल्या. नितेश उजव्या हातानं घोटा धरून दाखवत होता, डावा हात पाठीमागे. शाल झाली, नारळ झाला. मग तो मुलींना म्हणाला, “हे सर. यांचं मी एकदा आयकलं नाय, म्हून हा हात आसा झाला. म्हून तुमाला वरडतो गं मी, जशी पकड सांगितली तशीच धरायची.” मुली माझ्याकडे आदरानं बघू लागल्या. मी शालीचा पदर सारखा केला.

जेवणाच्या वेळी भाताच्या मोठ्या पातेल्यापाशी आम्ही दोघंच होतो. त्यानं पातेल्यावरचं झाकण उचललं, थांबला, आणि ते ढालीसारखं डाव्या हातात अडकवलं. मिटत नाही ती मूठ, तरी अडकवलं. गुडघे सैल सोडले, बसकण घेतली.

“सर, येक इचारू? आशीच धरली व्हती मी. लय येळा आठवून बगतो. घरी ताट घेऊन उभा ऱ्हातो, बायको हसते. नक्की कुटं चुकलो, त्ये आजून सापडत नाय. तुमी सांगा ना. येकदा कळलं की डोक्यातनं जाईल.”

तो खरंच विचारत होता. त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, राग नव्हता. एवढी वर्षं तो ताट घेऊन उभा राहत होता, आपली चूक शोधत. भाताची वाफ आमच्या दोघांच्या मध्ये येत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. कंपनी केव्हाच गेलेली, नाव झळकून विसरलं गेलेलं, मला आता गमावायचं काय होतं? काहीही नव्हतं. भीतीचंसुद्धा कारण उरलेलं नव्हतं.

मी पुढे झालो. त्याचा कोपर धरला आणि तसूभर आत सरकवला.

“इथं,” म्हणालो. “कोपर बाहेर गेला होता.”

त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मान हलवली. चेहरा मोकळा झाला त्याचा. “आसं व्हय,” तो म्हणाला. “बरं झालं सर, आज कळलं.” आणि झाकण बाजूला ठेवून त्यानं माझ्या ताटात भात वाढला. मी तो जेवलो.

कोपर बरोबर जागी होता. ढाल फाटली तेव्हाही, आणि त्या पातेल्यापाशीही.